फुलीच्या घरी परत जावं लागतं

चावी त्यांनी माझ्या हातातून घेतली नाही. माझ्या लेकीच्या हातातून घेतली.

सहा वर्षांची आहे ती. मैत्री. दहाच मिनिटांआधी घरमालक काकांनी स्वतः तिच्या तळहातावर ती चावी ठेवली होती. "घे बेटा, आता हे घर तुयं." तिनं मूठ आवळली आणि दोन्ही खोल्यांतून पळत सुटली. इथे माझा पलंग, इथे माझं दप्तर. काकू कौतुकानं हसत होत्या. मग त्यांनी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. ओट्याच्या वर भिंतीत एक कोनाडा होता, आतून पांढरी फरशी लावलेला.

"हे देवघर," काकू म्हणाल्या. "तुमचे देव इथं ठेवजा. कुळदैवत कोणतं तुमचं?"

खरं सांगू की काहीतरी ठोकून देऊ, एवढं ठरवायला मला जो वेळ लागला, तेवढ्यात मैत्री बोलली.

"आमच्या घरी बुद्ध हाये. अन् निळ्या कोटातले बाबा. मी रोज मेणबत्ती लावते."

कोणी ओरडलं नाही. कोणी शिवी दिली नाही. काकूंनी तिचा हात सोडला, बस. त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी पंख्याकडे पाहिलं.

"बेटा, चावी दे इकडं."

तिला वाटलं, खेळ आहे. तिनं हात पाठीमागे लपवला. काका वाकले. तिची मूठ धरून त्यांनी एकेक बोट उघडलं. करंगळी शेवटी.

"आमचा पुतण्या येऊन राहिला शिकायले," ते मला म्हणाले. "ध्यानातच नव्हतं. त्याले द्या लागन खोली."

आणि मी काय केलं? मी लेकीच्या दंडाला चिमटा काढला. "गप," म्हणाले. ती तर गपच होती. अपमान त्यांनी केला आणि चिमटा मी काढला. हे लिहितानाही अंगाची आग होते.

हे घर मी उगाच निवडलं नव्हतं. मी आरोग्य सेविका आहे. घरोघर फिरणं हेच माझं काम. पोलिओच्या फेरीत प्रत्येक घरी जायचं, लेकरांना दोन थेंब पाजायचे, दाराशेजारी खडूनं खूण करायची. सगळी लेकरं झाली की वेगळी खूण, एखादं राहिलं की फुली. फुलीच्या घरी परत जावं लागतं. लेकरू सापडेपर्यंत. तो आमच्या कामाचा नियम आहे आणि तो मी कधी मोडला नाही.

अकोल्याहून अमरावतीला माझी बदली झाली. नवरा अकोल्यालाच डाळमिलमध्ये, तो फक्त रविवारी येणार. घर मिळेपर्यंत मी बसनं ये-जा करत होते. बाईमाणूस आणि लहान लेकरू, दोघीच राहणार. म्हणून मी अमरावतीत घर शोधलं ते सर्व्हे करतात तसं. एक वही केली. दिव्याचे खांब किती, चालू किती. नाली झाकलेली की उघडी. कुत्रे. दवाखाना. पानटपरीवरची पोरं काय बोलतात. दिवेलागणीला बाया ओट्यावर बसतात की दारं लावून घेतात. एकेका वस्तीत मी चारदा जायची. सकाळी, भर उन्हात, सांजच्याला आणि सुट्टीच्या दिवशी.

शाळाही अशीच पाहिली. आधी मुलींची मुतारी. कडी लागते का, नळाला पाणी येते का. फळ्यावर सुविचार काय, कोणीही लिहितं. काका-काकूंचं घर ज्या कॉलनीत होतं, तिच्या टोकाच्या शाळेत कडी लागत होती, पाणी होतं, साबणही होता. तिथल्या मोठ्या बाई बोलायला चांगल्या होत्या. म्हणाल्या, "जवळ राहणाऱ्यांना आधी घेतो. शाळा उघडायच्या आत पत्ता आणून द्या." म्हणजे घर मिळालं तर शाळा.

कॉलनीच्या पानावर मी सगळीकडे बरोबरच्या खुणा केल्या होत्या. कॅमेरे सहा, असं लिहून खाली रेघ मारली होती. एकदा एका स्कूटरवाल्यानं मला थांबवून विचारलं, "कोणाकडं आल्या?" मला बरं वाटलं. लोक जागरूक आहेत. मी त्या माणसापुढेही बरोबरची खूण केली. अशी मी शहाणी.

वहीत आणखी एक पान होतं. नाल्यापलीकडची वस्ती. शाळा तिथूनही पायी जाण्यासारखी. तिथे विहार होतं, निळा झेंडा होता. आपलीच माणसं. तिथे मी चारदा गेले नाही. एकदाच, भर दुपारी, पाच मिनिटं. खांब चार, चालू एक. नाली उघडी. पोरं रस्त्यात. फुली. अशा वस्तीतून निघायचं म्हणून तर शिकलो, तिथेच परत लेकीला कशाला न्यायचं? हे मी मनात म्हटलं होतं. आज कागदावर लिहिते.

चावी गेली त्या दिवशी आम्ही कोपऱ्यापर्यंत आलो आणि मला आठवलं, वही ओट्यावर राहिली. परत गेलो. काकू बादली घेऊन पायरी धूत होत्या. पाणी आतून येत होतं, स्वयंपाकघरातून. वही फाटकाच्या खांबावर ठेवली होती. बाहेरच्या बाजूला. काकूंनी आम्हाला पाहिलं आणि झाडू मारतच राहिल्या.

"मम्मी, मी घाण केली का तिथं?"

मी वही उचलली आणि तिला ओढत निघाले.

त्याच कॉलनीत भाड्यानं देण्याच्या आणखी दोन पाट्या होत्या. मी दुसऱ्या दिवशी गेले. हो, गेले. शाळा डोळ्यांपुढे होती. पहिल्या घरी म्हणाले, "गेली खोली." पाटी तशीच लटकत होती. दुसऱ्या घरी मी बेलही दाबली नव्हती. जाळीच्या आतून एका बाईनं हातातल्या मोबाइलकडे पाहिलं, मग मैत्रीकडे पाहिलं, पुन्हा मोबाइलकडे. "नाही द्यायची," ती म्हणाली. मी काय मागायला आले, हे तिला कोणी सांगितलं?

ते दोन दिवसांनी कळलं. माझ्यासोबत काम करणारी एक सिस्टर त्याच कॉलनीत राहते. तिनं मला औषधांच्या खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि मोबाइल पुढे केला. "मी सांगितलं म्हणून सांगजो नको," म्हणाली. कॉलनीच्या ग्रुपवर फोटो होता. वरून काढलेला. मी आणि मैत्री काकूंच्या फाटकाशी, तिचा पिवळा फ्रॉक स्पष्ट. खाली लिहिलं होतं, "ही बाई घर पाहून राहिली. आधी विचारून घ्या." त्याच्या खाली अंगठे आणि जोडलेले हात.

सहा कॅमेरे. मी ते चोरांसाठी मोजले होते.

कॉलनी सुरक्षित होती, खरंच होती. कोणापासून सुरक्षित, तो रकाना माझ्या वहीत नव्हता. मी चार वेळा त्यांची गल्ली तपासली, तेव्हा गल्ली मला तपासत होती. त्या दिवसापासून रस्त्यानं चालताना माझी नजर आपोआप खांबांच्या टोकाकडे जाऊ लागली. मैत्रीचीही. ती तर बोटानं मोजायची. "मम्मी, हा आपल्याले पाहून राहिला का?"

पण मला हादरा बसला तो वेगळाच.

शेअर ऑटोत बसून आम्ही घराच्या शोधात निघालो होतो. शेजारी एक म्हातारी, मांडीवर भाजीची पिशवी. मायाळू होती. मैत्रीच्या गालाला हात लावून म्हणाली, "कोन्या शाळेत जाते वं बाई? तुमच्या घरी गणपती बसते का?"

मैत्रीनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग दंडावर हात ठेवला, जिथे मी चिमटा काढला होता तिथे. आणि म्हणाली, "हो. मोठा बसते."

सहा वर्षांची पोर. काय सफाईनं खोटं बोलली. मला हे शिकायला पंधरा-वीस वर्षं लागली होती. होस्टेलात, नर्सिंगच्या वर्गात, अकोल्याच्या बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, थोडं थोडं करून मी लपायला शिकले होते. तिला एक चिमटा पुरला. चावी काकांनी घेतली होती, पण हे तिला त्यांनी शिकवलं नव्हतं. हे मी शिकवलं.

मला राग आला.

"नाही आजी," मी म्हणाले. मोठ्यानं. ड्रायव्हरलाही ऐकू जाईल असं. "आमच्या घरी गणपती नाही बसत. आमी बौद्ध हाओत. ही माह्या भेवानं खोटं बोलली."

म्हातारीनं पिशवी उचलून दुसऱ्या बाजूला घेतली. घेऊ दे. मैत्री माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी तिच्या दंडावर फुंकर घातली आणि नाल्याजवळ ऑटो थांबवायला सांगितलं.

नाल्यापलीकडच्या वस्तीत एक मावशी राहतात, उभी हयात जिनिंग मिलमध्ये कापूस उपसलेल्या. त्यांची एक खोली रिकामी होती. त्यांनी मला बसायला खुर्चीही दिली नाही.

"तू मागं आली होती न एकडाव? वहीत लिहून गेली. मी पाहिलं होतं तुले."

"हो."

"मंग आता काहून आली? तिकडं कोनी ठेवलं नाही म्हणून?"

"हो मावशी."

त्यांनी कमरेची किल्ली काढली. "बरं. खोटं तं नाही बोलली. चाल, खोली दाखवतो."

त्यांनी मला जवळ घेतलं नाही, आणि घ्यावं असं मी काही केलंही नव्हतं. वस्तीही काही एका दिवसात गोड झाली नाही. नाली उघडीच आहे. दिव्यासाठी मी तीन अर्ज दिले, खांब अजून आंधळेच. पावसाळ्यात दारापर्यंत पाणी आलं. पण पत्ता मिळाला. पत्त्यावर शाळा मिळाली. फुली मी वहीतून खोडली नाही. ती माझ्याच हातची आहे, राहू द्या डोळ्यांपुढे.

शाळेला जायचे दोन रस्ते. कॉलनीतून गेलं तर जवळचा, वळसा घेतला तर दुप्पट. आम्ही वळसा घ्यायचो. मैत्रीनं कधी कारण विचारलं नाही. न विचारणं मला जास्त टोचायचं.

पावसाळा सरला आणि पोलिओची फेरी आली. वाटपात ती कॉलनी माझ्याकडे आली. सिस्टर म्हणाली, "बदलून घेऊ का?" मी नाही म्हणाले.

काकू दारात आल्या. कडेवर नातू, वर्ष-दीड वर्षाचा, गुटगुटीत. मला पाहून त्यांचा चेहरा आक्रसला.

"दुसरी सिस्टर नाही का आली?"

"नाही काकू. या गल्लीत मीच हाओ."

"त्याले सर्दी हाये. मंग पाहू."

"सर्दीत चालते. दोनच थेंब हायेत."

"मंग म्हटलं ना." त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या, बोटांकडे बघत होत्या. पोरगं माझ्याकडे पाहून हसत होतं. त्याचा काय गुन्हा?

मी फाटकाच्या खांबाशी गेले. जिथे माझी वही ठेवली होती, तोच खांब. घर नंबर लिहिला, तारीख लिहिली, फुली घातली.

"हे काय करून राहिल्या?"

"ज्या घरचं लेकरू राहिलं, त्या घराले फुली. उद्या परत येईन. परवाही येईन. अन् काकू, ओळखलं नसन तर सांगतो. मी मैत्रीची आई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लसीची पेटी खांद्याला अडकवूनच निघाले. वळशाच्या रस्त्यापाशी मैत्रीनं सवयीनं पाय वळवला. मी तिचा हात ओढला. "आज इकडून."

कॉलनीत शिरलो. पहिला कॅमेरा, दुसरा. तिची बोटं माझ्या हातात गार पडली होती.

"मम्मी, पाहून राहिले."

"पाहू दे."

"कोणी विचारलं तं?"

"तूच सांग, काय सांगशील?"

ती चार पावलं चालली. माझ्याकडे पाहिलं नाही, दंडाला हात लावला नाही. "आमच्या घरी बुद्ध हाये," म्हणाली. आवाज बारीक होता, पण म्हणाली.

त्यांच्या फाटकाशी आलो. खांब ओला होता. फडक्यानं फुली घासून पुसली होती, पायरी धुतली होती तशीच. घरात पडदा हलला.

मी पर्समधून खडू काढला. ओल्या जागेच्या वर, खांबाच्या कोरड्या भागावर, पहिल्यापेक्षा मोठी फुली घातली आणि बेल दाबली. दार उघडेल, नाही उघडणार. माझ्याकडे खडूचा अख्खा डबा आहे.