दाजींच्या नावावर एकवीस गावं

गुढीपाडव्यानंतरचा पहिला रविवार, सकाळी साडेदहा, मुक्काम तेर. हजर: आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, लाकडी खुर्चीवर, माझी बहीण, जिला आम्ही आक्का म्हणतो, स्वयंपाकघराच्या दारात, दाजींचे जुने स्नेही, तेरखेड्याचे फटाकेवाले चाचा, पंच म्हणून दिवाणावर, आणि नोंदी घ्यायला मी, धाराशिवहून सकाळच्या एसटीनं आलेली. बाहेर ओट्यावर तीन हरकतदार चपला काढून बसलेले. सुनावणी होती जमिनीची, आणि ती जमीन या पृथ्वीवर कुठंच नव्हती. नसलेल्या जमिनीला आमच्या दाजींइतकं जपणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही. शाळेच्या कार्यालयात बावीस वर्षं नोंदवह्या सांभाळल्या आहेत मी, हे लिहून द्यायला तयार आहे.

दाजी मोजणी खात्यातून निवृत्त झाले. ते झाले, त्यांची पावलं झाली नाहीत. चालतात तेव्हा ती मोजतच असतात. माझ्या लग्नात त्यांनी मांडव पावलांनी मोजला आणि अक्षता पडायच्या आत माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "मांडवाचा नैर्ऋत्य कोपरा शेजाऱ्याच्या हद्दीत दीड हात गेलाय. आत्ताच सांगून ठिवलेलं बरं." सासऱ्यांनी त्या शेजाऱ्याला ताबडतोब जेवायला बोलावलं आणि पुढं वर्षभर माझी ओळख "मोजणीवाल्यांची मेहुणी" अशी करून दिली. दाजी भाकरीचे चार तुकडे करतात ते असे की कुठल्याही दोन तुकड्यांत फरक काढून दाखवावा. नोकरीत असताना ज्याच्या रानात मोजणी, त्याच्या घरचं पाणीसुद्धा ते पीत नसत. पाण्याची बाटली, चिवड्याचा पुडा आणि बसायला पोतं, सगळं घरून. बेंबळीच्या एका शेतकऱ्यानं एकदा फारच आग्रहानं उसाचा रस पुढं केला, तर दाजींनी आधी शेजारच्या शेतकऱ्याला बोलावलं, दोघांच्या देखत रसाचे दोन ग्लास सारखे केले, ते त्या दोघांनाच पाजले आणि मग झेंडी रोवली. "मोजणीदारानं चहा पिला की बांध वाकतो," असं ते म्हणत.

अशा माणसाला निवृत्तीनंतर गुलाबांचं किंवा भजनाचं वेड लागलं असतं तर आक्का सुखात राहिली असती. पण धाराशिवला कृषी प्रदर्शन भरलं, आणि एका ट्रॅक्टरवाल्यांच्या मंडपात एका मुलीनं दाजींच्या डोळ्यांवर तो जाड काळा चष्मा चढवला. तो लावला की बसल्या जागी दुसऱ्याच मुलखात गेल्यासारखं वाटतं. त्याला व्हीआर म्हणतात. मी शेजारीच उभी होते, त्यामुळं हे ऐकीव नाही. दाजींनी चष्म्यातला ट्रॅक्टर सुरू केला, थोडा नेला आणि थांबवला.

"पुढं घ्या ना काका," मुलगी म्हणाली.

"पुढं कुणाचं रान हाय?"

"कुणाचंच नाही काका."

"असं कसं? बांध दिसंना. शेजारी कोण हाय?"

"शेजारीच नाही. हे सगळं आभासी आहे. खरा असतो तो इंटरनेटवरचा पत्ता. ज्याच्या नावावर पत्ता, त्याचं हे जग."

दाजींनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, तिच्या हातात दिला. बसस्टँडपर्यंत ते पावलं मोजत चालले. तिथं आल्यावर म्हणाले, "मेहुणीबाई, चौतीस वर्षं म्या बांधावरनं डोकी फुटलेली बघितली. आन् हितं बिनबांधाची जमीन पडलीया, ती बी कुणाला ठावं न्हाय."

त्या आठवड्यापासून त्यांनी पत्ते, म्हणजे डोमेन, घ्यायला सुरुवात केली. विचार साधा होता. उद्या माणसं चष्मा लावून गावोगाव हिंडणार, पुण्याला गेलेली पोरं बसल्या जागी गावी येणार, तेव्हा प्रत्येक गावाला त्या जगात एक पत्ता लागणार. तो आधीच धरून ठेवायचा. आधी गावाचं नाव, मग व्हीआर, मग डॉट कॉम. तेर झालं, बेंबळी झालं, तेरखेडा झालं. करता करता एकवीस गावं दाजींच्या नावावर झाली. त्यांनी एक जाड वही केली. एका गावाला एक पान, वर स्वतःच दिलेला गट क्रमांक, खाली चतुःसीमा. मी विचारलं, "दाजी, हवेतल्या जागेला पूर्व-पश्चिम कुठली?" ते म्हणाले, "चतुःसीमा न्हाय त्ये पान माझ्या वहीत ऱ्हात न्हाय," आणि चारही दिशांना "मोकळं" असं लिहिलं. एकवीस गावं, चौऱ्याऐंशी वेळा मोकळं, सगळं सुवाच्य अक्षरात.

दर गुरुवारी पाहणी असते. आंघोळ करून, टोपी घालून ते ओट्यावर बसतात आणि मोबाइलवर एकेक पत्ता टाकून बघतात. पांढरं पान उघडतं आणि इथं काही नाही असं इंग्रजीत उमटतं. ते वाचून दाजींचा चेहरा उजळतो. "कुणी घुसलं न्हाय," म्हणतात आणि वहीत खूण करतात. एका गुरुवारी नेटवर्क गेलं आणि तेरखेड्याचं पांढरं पानही उघडेना. दाजी दोन एसट्या बदलून तेरखेड्याला पोचले आणि चाचांच्या कारखान्यात जाऊन विचारू लागले, "तुमच्याकडं काय हाललंबिललं का?"

चाचा हातावरची बारूद झटकत म्हणाले, "साहेब, आमच्याकडं हाललं तर अख्ख्या तालुक्याला ऐकू येतं."

मग दाजींनी त्यांना चष्म्यातले फटाके समजावून सांगितले. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. "धूर न्हाई, वास न्हाई, हात भाजायचा डर न्हाई. त्याला दिवाळी कशाला म्हणायचं?" ते म्हणाले. मग पुढं म्हणाले, "पण नाव संभाळून ठिवा साहेब. हात न भाजणारं काम आमच्या नातवंडांना मिळालं तर कुणाला नको हाय." दाजींच्या या व्यवसायाला मिळालेला हा पहिला आणि बराच काळ एकमेव पाठिंबा.

बाकी नातलग हसत. लग्नकार्यात पंगत बसली की कुणीतरी हमखास विचारायचं, "काय दाजी, यंदा हवेत काय पेरलंय?" दाजी स्वतःही हसत आणि म्हणत, "कायबी पेरा, डुकरं शिरत न्हाईत." आक्का मात्र हसत नसे. ती वाढायचं भांडं उचलून पुढच्या पंगतीकडं जाई. माझ्यापाशी ती एकदाच बोलली. "एक तरी इकलं जाऊ दे गं. पैसा आला न्हाय तरी चालंल. ह्या माणसाला येडं म्हणायचं लोकांनी थांबवावं, तेवढं मला डोळ्यानं बघू दे."

आणि धुळवडीच्या दिवशी पुण्याहून फोन आला. जुन्या गावांची चष्म्यातून सफर घडवणारी एक कंपनी होती. तेरची विटांची देवळं, तेरणा नदीचा काठ, सगळं टिपून झालं होतं. फक्त पत्ता हवा होता, आणि तो दाजींकडं होता. कंपनीनं सांगितलेला आकडा ऐकून आक्कानं भिंतीला हात टेकला. अट एकच, पाडव्यानंतरच्या रविवारी दुपारी बारापर्यंत होकार द्यायचा, नाहीतर ते दुसरं नाव घेणार. दुसरा कुणीही तिथल्या तिथं हो म्हणाला असता. दाजींनी फोन ठेवला आणि म्हणाले, "नोटीस काढावी लागंल."

जमीन विकायची तर आधी जाहीर नोटीस, हरकतींना पंधरा दिवस, मग सुनावणी. मी म्हटलं, "दाजी, हे डोमेन आहे. यात हरकत घेणार कोण?"

"त्येच तर नोटिशीनं कळतं."

ग्रामपंचायतीच्या फलकावर कागद लागला. आभासी मौजे तेर या जागेची विक्री योजिली असून, सदर जागेत ज्यांचा हक्क, हिस्सा वा वहिवाट असेल अशा सर्व हितसंबंधितांनी अमुक दिवशी सकाळी समक्ष हजर राहावे. आक्कानं तो काढून टाकायला दोनदा सांगितलं. दाजींनी दोनदा जाऊन सुटलेल्या कोपऱ्याला डिंक लावला.

तर ती ही सुनावणी. पहिले हरकतदार देवळामागं शेळ्या चारणारे एक म्हातारे. त्यांचं म्हणणं, चष्म्यातल्या तेरात शेळ्यांना बंदी नसावी. दाजींनी लिहिलं, "वहिवाट कायम." दुसऱ्या हरकतदार, बसस्टँडवरच्या हॉटेलवाल्या मावशी. "माझं हॉटेल त्यात दिसणार म्हणं. फुकट का म्हणून दिसावं?" दाजी म्हणाले, "पाटीसकट दिसंल." मावशी म्हणाल्या, "मग पाटी रंगवून घेते," आणि उठल्या. तिसऱ्या गृहस्थांना दाजींनी हक्क विचारला तेव्हा ते गोंधळले. "प्लॉट पाडायलेत म्हणून आलो व्हतो," ते म्हणाले, चहा पिऊन गेले. प्रत्येक निकालाला चाचा गंभीरपणे "पंच सहमत" म्हणत होते आणि मी ते लिहून घेत होते. पावणेबारा झाले. आक्का माझ्याकडं बघून हसली. दाजींनी शेवटचा शेरा लिहायला पेन उचललं, तेवढ्यात दारातला उजेड कमी झाला.

दारात दाजींचे धाकटे भाऊ उभे होते. ते दोन गल्ल्या पलीकडं राहतात आणि अकरा वर्षं या घरात आलेले नव्हते. दोघा भावांच्या शेताचा बांध कुठला, यावरून बिनसलं होतं. आपल्यावर बोल नको म्हणून दाजींनी परक्या मोजणीदाराकडून मोजून घेतलं, तर नेमकं चार हात रान दाजींच्याच बाजूला निघालं. भाऊ चारचौघांत म्हणाले, "मोजणीदाराच्या घरात टेप बी त्याचीच." त्या शब्दानंतर दाजींनी ते चार हात कधी नांगरले नाहीत, भावानंही नाही, तिथं आता हातभर कुसळ वाढतं. आज त्यांच्या हातात नोटिशीचा कागद होता, चौपदरी घडी घातलेला.

"हरकत हाय," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले.

दाजींनी पेन खाली ठेवलं नाही, वरही उचललं नाही. "बोला."

"तेरच्या नावात माझा बी हिस्सा हाय. मला न इचारता इकता यायचं न्हाय."

"आधार?"

"तुम्ही जितं जल्मला, तितंच मी." त्यांनी कागद पुढं धरला. "हितं लिव्हलंय, सर्वांनी समक्ष यावं. आलो."

मग चाचा खाकरले. "पंचाचं म्हणणं, हरकतदाराला आधी आत बसवा."

त्याच वेळी फोन वाजला. बारा वाजले होते. दाजींनी फोनकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं, आणि उभ्या जन्मात कुणापुढं न अडखळलेला तो माणूस नुसता बसून राहिला. फोन उचलला आक्कानं. तिला फक्त "हो" म्हणायचं होतं. ती एवढं एक "हो" किती वर्षं जपून बसली होती, हे मला ठाऊक होतं. तिनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "आज न्हाय जमायचं. न्हाय, पुढच्या आठवड्यात बी न्हाय. का म्हंजे? दीर आलेत घरी, जेवण व्हायचंय." फोन ठेवला आणि दाराकडं वळली. "भावजी, चपला आत घ्या. कुत्रं पळवतंय."

दाजींनी वहीत लिहिलं, "हरकत मान्य. हिस्सा निम्मा." पंच सहमत होतेच. पुण्याच्या लोकांनी त्याच दुपारी दुसरं नाव घेतलं, असं मागून कळलं. नातलगांना हसायला आणखी एक गोष्ट मिळाली. आक्का अजूनही भांडं उचलून पुढच्या पंगतीकडं जाते, पण आता जाता जाता म्हणते, "दोघा भावांच्यात हाय ते. इकायचं न्हाय."

निकालाप्रमाणं भावाचं नाव सहमालक म्हणून चढवायचं, हे काम दाजींनी माझ्याकडं दिलं. त्याला भावाचा स्वतःचा ईमेल लागतो, तो त्यांच्याकडं नाही. काढायचा तर त्यांच्या मोबाइलवर एक आकडा येतो, तो तिथल्या तिथं भरावा लागतो. मी आतापर्यंत पाच वेळा तेरला गेले. पहिल्यांदा ते मोबाइल घरी विसरले होते. दुसऱ्यांदा चार्जिंग नव्हतं. तिसऱ्यांदा मोबाइल सुनेकडं होता, चौथ्यांदा वाचायचा चष्मा नव्हता. "पुढच्या बारीला नक्की आणतो," ते म्हणतात, आणि नियमाला इतके पक्के आमचे दाजी म्हणतात, "घाई कशाची हाय? कायदेशीर काम हाय, सावकाश हू द्या." मग दोघं आक्कानं केलेला चहा पितात, आणि काम झालं नाही म्हणून पुढच्या रविवारचं ठरतं.

गेल्या खेपेला धाकट्या भावांच्या सदऱ्याच्या खिशात मोबाइल होता. मध्येच तो वाजला. ते चहा ओतून घेत राहिले, दाजी खिडकीबाहेर बघू लागले, आक्का साखर आणायला आत गेली. मी पेनाला टोपण लावलं. माझ्या वहीत ते काम तसंच पडून आहे, आणि त्यापुढच्या तारखेचा रकाना मी कोरा ठेवला आहे.