समासातल्या बाया

मंगळवारी सकाळी विमलताई गेल्या. त्यांच्या शाळेच्या शिपायाने वाचनालयात येऊन मला सांगितले. मी दार लावले आणि त्यांच्या घरी गेलो.

शोकसभेत त्यांच्या भित्तिपत्रकाचे छापील पुस्तक उंचावून वाचनालय समितीचे अध्यक्ष म्हणाले, "ताईंचे स्वप्न आपण पूर्ण केले." महिना झाला, ते वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही.

नागपुरातल्या आमच्या वस्तीत ताई साक्षरता वर्ग घेत. दर पंधरवड्याला त्या वाचनालयाच्या भिंतीवर हाताने लिहिलेला मोठा कागद लावत. मधोमध लेख, चहूबाजूंनी रुंद कोरा समास. त्यात वर्गातल्या बायांनी पेन्सिलीने आपले म्हणणे लिहायचे. बाळंतिणीने दूध-तूप घ्यावे, असे ताईंनी एकदा लिहिले. शेजारी कौसल्याबाईंनी लिहिले, "दूध सासूच्या ताब्यात हाये. तिले सांगा." खाली दुसरीचे अक्षर, "माह्या सासूलेबी." ताई खूप हसल्या... आणि पुढचा लेख त्यांनी सासवांसाठी लिहिला.

निवडक अंकांचे पुस्तक करायचे ठरले, तेव्हा ताईंनी सायक्लोस्टाइलचा आग्रह धरला. स्टेन्सिलवर जे जिथे लिहाल, ते तिथेच उमटते. समितीला छापखाना हवा होता.

"ताई, सायक्लोस्टाइल म्हंजे परीक्षेच्या पेपरावानी दिसते," अध्यक्ष म्हणाले.

"अन् समास?"

"छपाईचे खिळे असे आडवेतिडवे जुळत नाहीत म्हणे. त्या गिचमिडीसाठी काहून अडून बसता?"

"मंग माही गिचमिड काढा. बायांची ठेवा."

सगळे हसले. ताई थट्टा करत नव्हत्या. हात वर झाले आणि छापखाना ठरला.

पुस्तक आले तेव्हा ताई अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांनी पाने उलटली. "बाया कुठं गेल्या?" एवढेच विचारले... समास स्वच्छ होते. सासवांना लिहिलेला लेख होता. तो कुणाच्या सांगण्यावरून लिहिला, याचा मागमूस नव्हता. मूळ कागद छापखान्यातच रद्दीत गेले होते. आणि सभेत हीच माणसे सांगत होती, ताईंनी मुक्या बायांना वाचा दिली! त्या मुक्या कधी होत्या? आणि तुम्ही तरी त्यांचे काय वाचले होते?

गेल्या आठवड्यात कौसल्याबाई वाचनालयात आल्या. पुस्तक दोनदा चाळून त्यांनी विचारले, "माहं कुठी हाय, भाऊ?" समासातले काहीच छापले नाही, हे मी सांगितले. त्यांनी माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली. पुस्तकात लिहू नये, ही पाटी माझ्याच हातची आहे. मी खुर्ची पुढे सरकवली. मग दुसऱ्या आल्या, तिसऱ्या आल्या.

बायांच्या अक्षरातली ती एक प्रत आता वाचनालयात आहे.