रीडिंगकाकांच्या घरचं मीटर

एकतीस वर्षं लोकांची विजेची मीटरं वाचल्यामुळे गल्लीत त्यांना रीडिंगकाका हेच नाव पडलं होतं. बिलावरून कुणी भांडायला आलं की काकांचं उत्तर ठरलेलं, मीटर खोटं बोलत नाही. या एका वाक्यावर त्यांनी नोकरी काढली, भरपूर शिव्या खाल्ल्या आणि एकदा कुत्र्याचा चावाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक वापरलेली विजेवरची गाडी घेतली. ती दाखवायला रोज कुणाच्या तरी दारात जायचं, हा नवा धंदा. आता घरासाठी विजेची योजना निवडायची होती. पहिलीत दिवसभर एकच दर. दुसरीत रात्री अकरानंतर निम्मा दर, पण संध्याकाळी पाच ते नऊ दुप्पट. काकांनी चार दिवस पट्टीने रकाने आखले, गाडीला लागणारे युनिट मांडले आणि ऐटीत दुसरी योजना घेतली. गाडी रात्रीच चार्ज करायची, झालं. तक्त्यात घर मांडायचं राहिलं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

काकू दिवसभर दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायच्या आणि संध्याकाळी ओव्हन लावून ऑर्डरचे केक भाजायच्या. काकांनी ओव्हनवर कागद चिकटवला, पाच ते नऊ बंद. मग पहाटे चारला उठून भाजत जा, असा सल्लाही दिला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. काकूंनी दोन ऑर्डरी परत पाठवल्या आणि त्यांना मनापासून वाईट वाटलं. आयुष्यात कुणालाही न विचारता सुरू केलेलं हे त्यांचं एकच काम होतं.

तरी बिल दीडपट आलं. काकांनी चोर लगेच पकडला. ओव्हन विकून टाकू, म्हणाले.

काकूंनी बिलाची घडी घातली. "एक आठवडा तासातासाला मीटर वाचा. परक्याचं घर असल्यासारखं. मी रोज संध्याकाळी ओव्हन लावणार. दोष त्याचा निघाला तर मी स्वतः गिऱ्हाईक शोधते."

काकांच्या अंगात जुनं वारं शिरलं. माळ्यावरून खाकी पिशवी निघाली, टॉर्च निघाला, कानावर पेन्सिल चढली. दर तासाला स्वतःच्याच दारात उभं राहून ते आकडा टिपू लागले. शेजारी खिडकीतून बघून घेत होते.

गुरुवारी मात्र काकू कामावरून परस्पर बहिणीकडे गेल्या. ओव्हन गार, घरात चिटपाखरू नाही. सहा ते सात या तासात मीटर सात युनिट पुढे सरकलं. काकांनी काच पुसली, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. सातच. तेवढ्यात मागून बारीक घूं घूं ऐकू आली. गाडी चार्ज होत होती. बॅटरी ऐंशी टक्क्यांखाली गेली की काकांच्या छातीत धडधडायचं, म्हणून घरी आल्या आल्या, चपला काढायच्याही आधी, ते वायर लावून मोकळे व्हायचे. रोज, ऐन दुप्पट दरात.

घरात दुसरं कुणी नव्हतं आणि पेन्सिल हातात होती. सातचा एक करायला किती वेळ लागतो? एकतीस वर्षांत काकांनी खोटा आकडा लिहिला नव्हता. पण तोवर मीटरही कधी त्यांच्यावर उलटलं नव्हतं. दारात बराच वेळ घुटमळून त्यांनी सात लिहिला.

काकू आल्यावर त्यांनी वही पुढे केली आणि वायरचंही सांगून टाकलं. काकूंनी वही शांतपणे वाचली.

"मीटर खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या, "असं कुणीतरी म्हणायचं बाई."

काकांनी नवा तक्ता केला, या वेळी गाडीशेजारी ओव्हनही मांडला. पहिली, साधीसुधी योजना सरळ जिंकली. सकाळी त्यांनी अर्ज दिला आणि येऊन ओव्हनवरचा कागद नखाने खरवडून काढला.

शनिवारी संध्याकाळी काका गाडी मिरवून परतले. बॅटरी एकेचाळीसवर आली होती. हात सवयीने वायरकडे गेला, तोच काकू चाळीस छोट्या केकचे ट्रे घेऊन बाहेर आल्या. नर्सबाईंची ऑर्डर होती, दवाखान्यात पोचवायची होती. काका म्हणाले, आधी दहा मिनिटं लावतो.

काकूंनी ट्रे मागच्या सीटवर ठेवले, पुढे बसल्या आणि पट्टा लावला. काकांनी वायर खुंटीला अडकवली आणि धडधडत्या छातीने गाडी काढली.