चुकीचा नकाशा टांगणाऱ्या मॅडम

"माझं चुकलं होतं."

पहिल्या तासाला, फळ्यावर काही लिहिण्याआधी, मॅडम हे वाक्य टाकायच्या. नवी मुलं चक्रावून जायची. प्राध्यापक तुम्हीही पाहिले असतील. पण स्वतःची चूक भर वर्गात सांगणारे किती भेटले?

दिल्लीतल्या एका कॉलेजात त्या नगररचना शिकवायच्या आणि मी त्यांच्या विभागात नकाशे काढायचो. दोघंही मराठी, त्यामुळे आमची भांडणंही मराठीतच व्हायची. "अहो, हा रस्ता नुसता आखलात, की त्यावरून चाललातही?" असं विचारून त्या मला भर उन्हात वस्तीत पिटाळायच्या. मी चिडायचो आणि मुकाट्याने जायचो.

चूक अशी होती. तरुणपणी, परदेशात, भूकंपग्रस्तांची छावणी आखताना त्यांनी सगळी शौचालयं एका टोकाला, एका रांगेत बसवली. कागदावर ती सुरेख दिसली, कौतुकही झालं. मग कळलं, की अंधारात तिकडे जावं लागू नये म्हणून बायका दुपारनंतर पाणीच पीत नव्हत्या. पुढे मॅडमनी कितीतरी देशांत छावण्या उभ्या केल्या, मानसन्मान मिळवले. खोलीत टांगला होता तो मात्र तोच नकाशा.

गाझियाबादच्या एका वस्तीचा नवा आराखडा त्यांच्याकडे आला, तेव्हा त्यांचा चेहराच उतरला. जुनी मोडकी शौचालयं लांब नाल्याकाठी होती. नवीही तिथेच बांधायची होती.

"प्लान पास हो चुका है, मैडम," पालिकेचे इंजिनिअर साहेब म्हणाले.

"बिल्कुल. बस, अगली मीटिंग बस्ती में रखिए."

मे महिना, दुपारचे चार. सगळ्यांना थंडगार सरबत आलं. बायकांनी ग्लास घेतले, पण ओठाला लावले नाहीत.

"आप लोग भी पीजिए ना," साहेब म्हणाले.

"अब पी लिया तो अँधेरे में नाले पर जाना पड़ेगा, साहब," एक म्हातारी म्हणाली.

साहेबांनी हातातला ग्लास खाली ठेवला, आराखडा मागवला आणि स्वतःच्या पेनाने नाल्याकाठची रांग खोडली. शौचालयं प्रत्येक गल्लीत आली. मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले.

उद्घाटनाला मॅडम नव्हत्याच. दूरदेशी पुराच्या छावणीत गेल्या होत्या. मी फोन लावून स्पीकरवर टाकला. भाषण होणार म्हणून बायका पदर सावरून उभ्या राहिल्या.

"पहले यह देखो, कुंडी अंदर से लगती है क्या?" फोनमधून आवाज आला.

एक तरुण सून लगबगीने आत शिरली. दार लागलं. आतून कडी बसली, खट्‌.

"लग गई, मैडम जी!" ती आतून ओरडली, आणि अख्ख्या गल्लीने टाळ्या पिटल्या.