हरेश बारीक होताना

माझ्या नवऱ्याला खायला घालणं हाच आमच्या घरचा धर्म होता आणि सासूबाई त्याच्या मुख्य पुजारीण. मी लग्न होऊन पूर्णा गावात आले तेव्हाच आनंदीबाईंनी मला बजावलं होतं, "हरेशचा ताट चाटूनपुसून रिकामा दिसला पायजे. उष्टा राह्यला तर मना बोलव." मला हसू आलं होतं. नव्या नवरीला काय कळतंय!

सासरे, चांगदेव, पोटाच्या कॅन्सरने गेले. शेवटी अन्न घशाखाली उतरेना. सासूबाई समोर ठेवत ते ताट तसंच परत येई. हरेश तेव्हा बारावीत होता. बाप गेल्यावर या बाईने पोराला भरवायला घेतलं ते थांबलीच नाही. तांदळाच्या भाकऱ्या, जवळा, बोंबलाचं कालवण, वर भाताचा डोंगर. अंगावर मांस असलं की माणूस जात नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. पुढे शेतात गोदाम उभं राहिलं आणि हरेशचं काम खुर्चीत बसून ट्रकांवर लक्ष ठेवण्याचं झालं. गोदामाचे गाळे वाढले तसा नवराही वाढला. मी चिडवायचे, तो हसायचा आणि भात वाढून घ्यायचा.

मग रिपोर्टमध्ये साखर आली. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, नाहीतर इंजेक्शनं सुरू करावी लागतील. घरी आल्यावर गाडीतून उतरताना हरेश म्हणाला, "बाबा याच वयात गेले." एवढंच.

त्याने तीनच्या दोन भाकऱ्या केल्या. महिना गेला, काटा हलेना. मला वाटलं, हा ड्रायव्हर लोकांबरोबर वडापाव हाणतोय. मी कडाकडा भांडले. एके दिवशी तव्यावरची भाकरी मी उचलली आणि वजनाने हात खालीच आला. सासूबाई तीन भाकऱ्यांच्या पिठाच्या दोन थापत होत्या! मी बघतच राहिले, तर शांतपणे म्हणाल्या, "दोनच हायेत. मोज." मला हसू फुटलं. मग त्या माझ्याकडे न बघता दुसरीही तेवढीच जाड थापू लागल्या आणि हसू जिरलं.

मी हे हरेशला सांगितलं, तिथे चुकलं माझं. तो इरेला पेटला. सकाळी कोरा चहा, दुपारी काकडी, रात्री काहीच नाही. वजन धडाधड उतरलं. गोदामावर सगळे पाठ थोपटत होते. घरी मात्र तो क्षुल्लक गोष्टीवरून खेकसायचा, जिना चढताना कठड्याला धरायचा. गाल आत गेले. गळ्याची हाडं वर आली.

एका संध्याकाळी तो टॉवेल खांद्यावर टाकून ओटीवर बसला होता. सासूबाई दिवा लावायला बाहेर आल्या, थबकल्या आणि त्यांनी कपाळावर पदर ओढला. पोटच्या पोरासमोर कोण पदर ओढतं?

"कवा आलाव?" त्यांनी विचारलं.

मुलाला त्या कधी अहोजाहो करत नाहीत. हरेशला वाटलं, आई थट्टा करते. मी मात्र दारातून भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. सासऱ्यांचा घरात तेवढाच फोटो, आजारपणात कसल्याशा कागदांसाठी काढलेला, मागाहून मोठा करून घेतलेला. तेच गाल, तेच खोल गेलेले डोळे. या माणसाला मी जन्मात भेटले नव्हते आणि तो माझ्या ओटीवर बसला होता. मी उंबरा ओलांडला नाही, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई हरेशसाठी पेज करू लागल्या, आजाऱ्याला करतात तशी मऊ. दुपारी त्याचा डोळा लागला की जवळ बसून त्याच्या नाकापुढे हात धरायच्या. मीही झोपताना त्याच्याकडे पाठ करू लागले. त्या घरात आम्ही तिघं होतो आणि मला सारखं चौथं कुणीतरी वावरल्यासारखं वाटायचं.

शेवटी त्याला ओढतच टेमघरला दवाखान्यात नेलं. तिथे पूर्वी नावाची आहार सांगणारी मुलगी बसते. वयाने लहान, पण तिने हरेशला फैलावर घेतलं. "दादा, असं उपाशी राहून किती दिवस काढाल? जेवा. पातळ दोन भाकऱ्या, मासे, भाजी पोटभर, रात्रीचा भात बंद, गोदामावर चालत जा. जेवणाच्या वेळी कडकडून भूक लागली पाहिजे, पण चक्कर नको, चिडचिड नको, झोप शांत हवी. अंगाला सोसेल तेवढंच कमी करा. हळू उतरेल, पण टिकेल."

तवा मी ताब्यात घेतला. सासूबाई कोपऱ्यात बसून माझ्या भाकऱ्यांकडे संशयाने बघायच्या. हरेश जेवू लागला, घोरू लागला, माझ्याशी नीट बोलू लागला. पावसाळा सरला, दिवाळी झाली. पोट हळूहळू उतरत होतं आणि गाल मात्र थोडे भरले. साखर आटोक्यात आली. त्याचा आता जो चेहरा झाला होता तो फोटोतला नव्हता आणि मी लग्न केलं त्या हरेशचाही नव्हता. मला तो ओळखीचाच वाटेना.

सासूबाईंना वाटला. एका दुपारी हरेशने अर्धी भाकरी ताटात ठेवली आणि हात थांबवला. त्या समोर बसून केव्हाच्या त्याला न्याहाळत होत्या. पदर कपाळावर आला.

"आपले लग्नान तुमी असेच व्हते," त्या म्हणाल्या. मग ताटातल्या भाकरीकडे बघत, "शेवटचे दिशी तुमी नको नको बोलत व्हते. मी आयकला न्हाय. तोंड उघडून पेज भरवली. तुमाना ठसका लागला, तो थांबलाच न्हाय."

हे त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आजाराने माणूस नेला असं सारं गाव समजत होतं, आणि ही बाई इतकी वर्षं आपल्याच हाताला दोष देत जगली होती. मला रडू आलं. "आई, हा हरेश आहे," असं मी म्हणणार होते, तर त्याने हाताने मला थांबवलं. त्यांना खरंच सासरे दिसत होते की समोर मुलगा आहे हे ठाऊक असूनच त्या बोलत होत्या, ते मला अजून कळलेलं नाही.

हरेशने आईच्या डोळ्यांत बघितलं.

"आनंदी," तो म्हणाला. आईला नावाने. "तुजा काय चुकला न्हाय. माजा पोट भरला व्हता."

"खराच?"

"खराच."

सासूबाईंनी अर्ध्या भाकरीचं ते ताट स्वतःच्या हाताने उचललं.

"मंग उठा," त्या म्हणाल्या.

तो उठला आणि मोरीत हात धुवायला गेला. बराच वेळ नळ वाहत होता.