मावशीच्या डब्यातले फोटो

देवबागेत माझ्या धाकट्या मावशीइतके फोटो कोणी काढले नसतील आणि तिच्याइतके कोणी लपवलेही नसतील. कणकवलीच्या एका कचेरीत तिनं आयुष्यभर कारकुनी केली, नोकरी लागताच एक कॅमेरा घेतला, आणि तेव्हापासून खाडी, समुद्र आणि त्या दोहोंमधल्या वाळूच्या पट्टीवर राहणारी यच्चयावत माणसं तिच्या तावडीत सापडली. फोटो काढताना ती स्वतःचा श्वास रोखायची आणि समोरच्यालाही रोखायला लावायची. "हलां नको," असं माणसांना सांगणं समजू शकतो, पण नांगरलेल्या होडीलाही तिनं याच शब्दांत दटावलेलं मी ऐकलं आहे. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात तिनं दोन्हीकडच्या वऱ्हाडाला उन्हात उभं केलं, उंच माणसांना मागे पाठवलं, नवऱ्यामुलाच्या आतेला पदर तीनदा सारखा करायला लावला. तो फोटो कोणालाही दिसला नाही. ती आते बरीच वर्षं निरोप पाठवत राहिली. मावशीचं उत्तर ठरलेलं, "थोबाड तुमचा तुमच्याकडेच आसा मा? मग फोटो माझ्याकडे रवांदे."

कॅमेऱ्यातले असोत की पुढे फोनमधले, फोटो छापून आले की ते सुक्या बांगड्यांच्या रिकाम्या डब्यात जायचे. त्या डब्याला कोणी पाहुणा हात लावत नाही, हा तिचा हिशेब. एकदा मी लहान तोंडी मोठा घास घेत विचारलं, कोणाला दाखवायचेच नाहीत तर काढतेस कशाला? कोळंबी सोलता सोलता ती म्हणाली, "लोकांनी बघितल्यानी की तो माझो रवणा नाय रे."

माझं मालवणात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी नवा फोन घेऊन ती दुकानात आली आणि म्हणाली, "जुन्यातले फोटो नव्यात घाल. बघां मात्र नको." न बघता हे काम कसं करायचं ते तिनं सांगितलं नाही. मी बघितलेच. त्यांत बाबी होता, पलीकडच्या वाडीत जाळी विणणारा, वर्षभरापूर्वी आजारात गेलेला. मांडीवर जाळं, तोंडात सुतळी, आणि तशातही तो हसत होता. मला राहवलं नाही. 'आमच्या मावशीनं काढलेला' असं लिहून मी तो गावाच्या ग्रुपवर टाकला.

मावशी त्याच दुपारी ग्रुपमधून बाहेर पडली आणि माझ्याशी बोलायची बंद झाली. रविवारी मी नेहमीसारखा जेवायला गेलो. तिनं मुकाट्यानं ताट वाढलं. कढीत मीठ नीट होतं, तेवढी माया शिल्लक होती. मी मान खाली घालून जेवत असताना बाबीची बायको पडवीत येऊन उभी राहिली.

"बाय, बाबीचो तो फोटो तू काढलंस?"

मावशीनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "होय."

"माका होयो. घरात एकच आसा, कार्डावरचो. त्येच्यात तो नुसतो डोळे वटारून बघता. सून नवीन इली, तिका वाटता सासरो रागीट होतो. तो कसो हसाचो, ता मी तिका कसा सांगू?"

मावशी आत गेली. बाहेर आली ती डबा घेऊनच. पडवीत बसून तिनं एकेक फोटो काढला. जाळं विणताना हसणारा तो बाबी, बाबी होडीच्या सावलीत झोपलेला, बाबी मांजराला मासा भरवताना, बाबी आणि बायको मासळी बाजारात एकाच टोपलीला दोन्हीकडून धरून भांडताना. असे अकरा निघाले. बाबीच्या बायकोनं एक उचलून डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "वास पण त्येचोच इलो गो." ती हसली, आणि हसता हसता रडू लागली. मावशीनं अकराच्या अकरा तिच्या पदरात घातले.

ती गेल्यावर मावशी रिकाम्या हातांकडे बघत बसली. मग माझ्याशी त्या आठवड्यातलं पहिलं वाक्य बोलली, "भात वाढू?"

ती बदलली असं मात्र कोणी समजू नये. शेजारच्या होमस्टेवाल्यानं पर्यटकांसाठी होड्यांचे फोटो मागितले, त्याला तिनं पायरीवरूनच परत पाठवलं. पण फोटोत जो माणूस असेल, त्याच्या घरी ती स्वतः जाऊन तो देऊन येऊ लागली. बहिणीच्या लग्नाचा फोटोही असाच पोचला. नवऱ्यामुलाची आते तोवर गेली होती. तो पदर किती नीट आला होता, हे बघायला ती नव्हती. मावशी त्या दिवशी जेवली नाही.

आता तिचे गुडघे चालू देत नाहीत. महिन्यातून एकदा मी तिला मोटारसायकलवर बसवून बाबीच्या घरी नेतो. जाळं विणतानाचा तो हसरा फोटो भिंतीवर आहे. सून रोज त्याला अबोलीच्या फुलांचा गुंफलेला वळेसार घालते, तो आखूड असतो आणि नेमका तोंडावर येतो. मावशी खुर्चीत टेकते, वर बघते आणि मला हळूच सांगते, "वायच बाजूक सार रे. हसू झाकता."

मी वळेसार बाजूला सारतो. मग मावशी आणि बाबीची बायको चहा गार होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसतात.