चुडा भरायच्या आधी

भाचीच्या डोहाळजेवणाची दिग्दर्शक मी. बहीण फक्त "तू बघ" म्हणाली आणि पस्तावली. कुणकेश्वरजवळच्या आमच्या घरासमोर मी खरी होडी ओढून आणवली. तिला अबोलीचे वळेसर गुंडाळले. गाण्यांच्या तालमी अशा रंगल्या, की त्या आठवड्यातली भाचीची तपासणी मीच पुढे ढकलली. "कार्यक्रम झालो की जावया गो. डॉक्टर खंय पळान जातत?"

सातवा महिना, पहिलटकरीण, वय छत्तीस. चेहरा टपोरा झालेला. येईल त्याला मी कौतुकाने दाखवत होते, "बघा, माहेरचा मासा अंगाक लागलो!"

हिरवा चुडा भरायला कट्टा गावच्या बाजारातली कासारीण आली. भाचीच्या लग्नातला चुडाही तिनेच भरलेला. तिने मूठ दाबून पाहिली आणि बांगडी खाली ठेवली.

"लग्नात सव्वादोनाची गेलेली. आज अडीचाची जाणा नाय."

"खाऊन-पिऊन बाळसा धरल्यान," मी म्हटलं. "तुझ्या डोळ्यांत कित्या खुपता?"

"बाये, मास दाबल्यावर वर येता. ह्यां बघ." तिने भाचीच्या हातावर अंगठा रोवून काढला. खड्डा तसाच राहिला. मग माझ्याकडे ढुंकूनही न बघता तिने भाचीला विचारलं, "डोक्यात दुखता?"

"दोन दिस. डोळ्यांसमोर चमकता पण. मावशेन इतक्या हौशीन केल्यान, कसा सांगू?"

"बरगडीखाली?"

"दुखता. म्हटलं, पित्त आसात."

कासारणीने पेटी बंद केली. "माझी धाकटी बहीण अशीच सुजली. आमी तिका गावभर मिरवली. इस्पितळात नेली तेव्हा आकडी येऊन गेल्ली. ती गेली, पोरय गेला." आणि आवाज चढवून, "रिक्षा बोलवा! गाणी मागसून म्हणा!"

जन्मात पहिल्यांदा माझा कार्यक्रम दुसऱ्या कुणी बंद पाडला, आणि मी चपला शोधत धावले.

आरोग्य केंद्रात रक्तदाब एकशे साठच्या वर, लघवीत प्रथिनं. घरात कुणाला गरोदरपणी हा त्रास होता का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर बहीण एकदम छापील मराठीत शिरली, "हो, मला होता. हिच्याच वेळी. पण ते जुनं झालं ना?"

"जुनं होत नाही, ताई. ते पहिल्याच भेटीत सांगायचं असतं. त्यात हे पहिलं बाळंतपण, वयही पस्तिशीपुढचं."

फुलांच्या दागिन्यांसकट भाचीला रुग्णवाहिकेतून मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे तिला औषधांवर आणि कडक नजरेखाली ठेवलं. महिन्याभराने बाळ जरा लवकरच आलं, चिमुकलं, पण घसा माझ्यावर गेलेला.

मी इस्पितळाच्या व्हरांड्यात उभी राहून साऱ्या गावाला फोन लावले. प्रत्येकाला आधी "ओळखा!" म्हणून छळलं. जो तो मुलगा की मुलगी एवढंच विचारी, "झील की चेडू?"

कासारणीलाही म्हटलं, "ओळख!"

"ता रवांदे," माझं कोडं बाजूला सारत ती म्हणाली. "तिचा बीपी आता किती आसा? बाळंतपणानंतरय चढता तो."

हे मला ठाऊकच नव्हतं. फोन कानाला तसाच ठेवून, "ओळखा"चा खेळ मात्र बंद करून, मी नर्सताईंना विचारायला आत गेले.